तीन नंबरच्या वॉर्डातले देश

वैजयंती धामणस्करने सोमवारी आपल्या प्रबंधात चौदावा देश घेतला, आणि मंगळवारी मनोरुग्णालयाचा तीन नंबरचा वॉर्ड एका खोलीने लांबला. कोणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. कुंदा सिस्टरांनी फिनेलची एक बाटली जास्त मागवली, एवढंच.

निरनिराळ्या देशांत मनाच्या आजारावर काय उपचार होतात, कायदे काय आहेत, बऱ्या झालेल्या माणसाला घरी कोण नेतं, हा तिचा विषय. आणि त्याच वॉर्डाच्या टोकाला, खिडकीखालच्या खाटेवर, तिचा सख्खा थोरला भाऊ शशिकांत बसून असायचा. दादाला बरं होऊन चार वर्षं झाली होती. घरी नेणाऱ्या नातेवाइकाची एक सही तेवढी राहिली होती.

का राहिली होती? अहो, भीती वाटत होती तिला, दुसरं काय! दादाचं पुन्हा बिनसलं तर? शेजारी काय म्हणतील? आपल्याला झेपलं नाही तर? पण एवढ्या शिकलेल्या बाईने भीती वाटते म्हणून सांगायचं कसं? ती म्हणायची, "आधी तिकडे काय करतात ते बघते." असं म्हटलं की एक देश वाढायचा, आणि दार ते दादाची खाट यांच्यामध्ये त्याची खोली येऊन बसायची.

शुक्रवारी कुंदा सिस्टरांनी तिला दारातच गाठलं.

"मॅडम, आज पाचपर्यंत सही झाली नाही, तर दादांचं नाव कायमच्या यादीत जातंय. मग कोणी मागितलं तरी सोडत नाहीत."

"आज करतेच."

"चपला आणून दिल्यात मी त्यांना. सकाळपासून घालून बसलेत."

वॉर्डात सगळे अनवाणी असत. चपला फक्त घरी जाणाऱ्याला मिळत.

कागद घेऊन ती चार वाजता आत शिरली. पहिल्या खोलीत बर्फ पडत होता आणि सफाईवाल्या मावशी तो फडक्याने पुसत होत्या. पाचवीत ढोल वाजत होता, एका आजारी बाईभोवती सगळं गाव बसलं होतं. नवव्या खोलीत एक अनोळखी कुटुंब पानं वाढून थांबलं होतं.

"तुमचे दादा आमच्याकडे राहू देत," त्यातली बाई म्हणाली. "आम्हाला काही अडचण नाही."

वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने वहीत नोंद केलीच. हाताला सवयच तशी होती.

चौदावी खोली ओलांडली तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. दादा उभाच होता. केसांना तेल, हातात पिशवी, पायांत निळ्या चपला.

"आलीस, वैजू? मी सिस्टरना म्हटलंच होतं, ती येणार."

"आले रे दादा. सही करते आणि निघू आपण."

तिने कागद भिंतीला लावला. नाव लिहिलं. नातं लिहिलं, बहीण. सहीच्या वर एकच ओळ उरली होती: रुग्ण पुन्हा आजारी पडल्यास आपण काय कराल?

पेन थांबलं.

"लिही ना काहीतरी," दादा म्हणाला. "जवळ बसेन, असं लिही."

तेवढंच तर लिहायचं होतं. तिलाही ते पटलं. पण चार वर्षांची सवय अशी जाते होय!

"एक मिनिट हं, दादा," ती म्हणाली. "तिकडे काय करतात ते..."

तिने झटकन तोंडावर हात ठेवला. पायाखालची फरशी सरकली. दोघांच्या मध्ये एक स्वच्छ, पांढरी, लांबच लांब खोली येऊन बसली.

"सावकाश ये गं," दादा पलीकडून ओरडला. आवाज अगदी बारीक आला.

ती धावत सुटली. वॉर्डातल्या घड्याळाचे ठोके पडायला लागले. तिसऱ्या ठोक्याला त्याने पिशवी खाटेवर ठेवली, आणि वाकून आधी डावी चप्पल काढली.