पूर्वेची खिडकी

हेमंताचं ऊन सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, पसरलं होतं. वाळल्या गवताचा तो पिवळाधम्मक, अफाट सडा. आणि त्याच्या काठाशी ताम्रवर्णी चिऱ्यांचं एक घर उठत होतं. छप्पर नव्हतं, दार नव्हतं. होत्या नुसत्या चार भिंती. ओल्या, आरक्त, नव्यानवेल्या.

कार्तिकात जोतं भरलं, तेव्हा घरची बाई सुगंधा हिनं मातीच्या पाट्या वाहिल्या. मार्गशीर्षात भिंती गुडघ्याला लागल्या, मग कमरेला, मग खांद्याला. तिनं सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारलं, कळशीमागून कळशी.

एवढ्या घरात तिनं एकच गोष्ट मागितली होती. चुलीच्या वर, पूर्वेला, एक खिडकी.

सत्तावीस वर्षं ती जुन्या घराच्या तमोमय कोपऱ्यात रांधत होती. तिथला धूर येणारा-जाणारा नव्हता, मुक्कामाचा होता. त्या धुरात सासूचे डोळे विझले. आता सुगंधाच्या डोळ्यांवरही धुकं उतरू लागलं होतं. ‘धूर टाळा,’ डॉक्टरांनी बजावलं, आणि तिचा नवरा शांताराम म्हणाला, "नव्या घरात खिडकी ठेवू." बाबल गवंड्यानं चिऱ्यांच्या रांगांत तेवढी जागा मोकळी सोडली.

पौषात ती चार दिवस आजारी आईकडे गेली. परतली ती भर दुपारी, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून थेट नव्या घरात शिरली.

मोकळी जागा नव्हती. भिंत होती. सलग, सपाट, अंध भिंत. सांध्यांतला माल अजून ओला होता.

"बाबल, हे काय?"

गवंड्यानं थापी खाली ठेवली. "दादांनी बुजवायला सांगितली, वहिनी."

बाजूला उभा असलेला शांताराम तिच्याकडे न बघता बोलला. "महादेवला नको होती. खिडकीतून त्याचं अंगण दिसतं म्हणाला. सख्खा भाऊ, शेजारी राहायचंय. एका खिडकीपायी वाकडं कशाला?"

एका खिडकीपायी!

संताप आला तो आधी पायांत आला. जळत्या सड्यावरून वणवा सरकावा तसा वर सरकत गेला. पोटात, छातीत, कंठात. सत्तावीस वर्षांचा खोकला त्यात होता, सत्तावीस वर्षं गिळलेलं डोळ्यांचं पाणी होतं. तिनं पदर खोचला. कोपऱ्यातली पहार उचलली.

पहिला घाव. चिरा हलला नाही.

दुसरा घाव. लाल भुकटी उडाली.

"वहिनी!" पलीकडून महादेव धावत आला. "दादा, आवर तिला!"

"मला काय आवरता? या, आत या, भावोजी. एक दिवस चुलीपुढं बसा. मग मला तुमचं अंगण सांगा."

शांतारामनं तिचं मनगट धरलं. ती वळली. रक्तवर्ण, पाणावलेले, पेटलेले तिचे डोळे त्याच्यावर रोखले गेले.

"तुमच्या आईला हात धरून परसात न्यावं लागायचं. माझाही हात असाच धरायचाय?"

त्याची बोटं सुटली. तो दोन पावलं मागं सरला, भिंतीला टेकला, आणि खाली मान घालून उभा राहिला.

पुन्हा घाव. पुन्हा घाव. आता बाबल पुढं आला. "वहिनी, असं नको. वरची रांग अंगावर येईल. बाजूला व्हा, मी काढतो."

"मीच काढणार. कुठं मारायचं ते दाखव."

बाबलनं कोळशानं रेघ ओढली. फळी लावून वरचे चिरे सावरून धरले. ती रेघेवर मारत राहिली. घामानं न्हालेली, धुळीनं माखलेली, एकेक सांधा उकलत. तळव्यांना फोड आले, फुटले. पहार तिनं सोडली नाही.

शेवटचा चिरा बाहेर कोसळला, महादेवच्या सारवलेल्या अंगणात. तो पायाशी पडलेल्या चिऱ्याकडे बघत राहिला.

"उद्या चौकट बसव," ती बाबलला म्हणाली. 

मग त्या ओबडधोबड चौकोनातून वारा आत आला. गवताचा, उन्हाचा, दूरच्या खाडीचा वारा. तिनं डोळे मिटले नाहीत. रागानं धपापणारी छाती घेऊन ती उभी राहिली, आणि वारा तिच्या केसांतली लाल धूळ उडवत राहिला, हळूहळू, हळूहळू, सांज होईपर्यंत.