दुसरं बटण

मास्तरांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि पिशवीतला शर्ट कापायच्या टेबलावर पसरला. दर गुरुवारी तुरुंगाच्या फाटकावर धुतलेले कपडे द्यायचे आणि मळलेले घेऊन यायचे, हा तीन महिन्यांचा नेम झाला होता. आणलेला शर्ट ते आधी उलटा करून बघत. कुठे रक्ताचा डाग आहे का, बाही ओढल्यासारखी उसवली आहे का. आज कॉलर तेवढी मळली होती. त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि लगेच वाकून शटरखालून बाहेर पाहिलं.

समोरच्या पायरीवर तो माणूस पेपर वाचत बसलेला होताच. आठ दिवस तोच माणूस, आणि मास्तरांना वाटे, पेपरही तोच. अंगावर साधे कपडे होते, पण पायातले पोलिसी बूट बदलायचे राहून गेले होते. शिंप्याच्या दुकानासमोर बसताना निदान तेवढं तरी भान ठेवायचं! एरवी मास्तर यावर हसले असते.

त्यांचा मुलगा मतमोजणीच्या खोलीत पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर आकडे फिरले, तेव्हा त्याने सुट्टीआधी टिपून ठेवलेले आकडे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. गुन्हा म्हणाल तर एवढाच. त्या दिवशी बाहेरच्या गर्दीतूनही पुष्कळ जणांना उचललं.

काल एका साहेबांनी मास्तरांना कचेरीत बोलावून घेतलं होतं. खुर्ची दिली, चहा पाजला, आणि चहा निवायच्या आत सांगितलं, की पकडलेल्यांच्या घरचे सुटकेसाठी कोर्टात देणार आहेत त्या अर्जावर सही करू नका, त्या लोकांत दिसू नका. मुलगा सोमवारी घरी. मास्तर "होय साहेब" म्हणून उठले. घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं, मग पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"मग पुढच्या गुरुवारी शर्ट न्यायला नको," ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

आज चार वाजता डावरीची आई अर्ज घेऊन येणार होती. तिला नाही म्हणायचं होतं, आणि सकाळपासून मास्तरांचं तेच पाठांतर चाललं होतं. डावरी त्यांच्याच दुकानात काज-बटणं करायची. डाव्या हाताची म्हणून डावरी. त्या दिवशी गर्दीत तीही होती. पण तुरुंगाच्या यादीतल्या एक्केचाळीस नावांत तिचं नाव नव्हतं. अशी कुणी मुलगी आमच्याकडे नाहीच, गेली असेल पळून कुणाबरोबर, असं साहेब लोक आईला सांगत. त्या दिवसानंतर तिला बाहेर कुणीही पाहिलं नव्हतं आणि आत कुणी पाहिल्याचंही कुणी सांगत नव्हतं.

शर्टाची घडी घालता घालता मास्तरांना आठवलं, गेल्या गुरुवारी दुसरं बटण लोंबकळत होतं. फाटकावर जायच्या भीतीत ते लावायचं राहूनच गेलं. चाळीस वर्षांत असा शर्ट दुकानाबाहेर गेला नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी सुई ओवून घेतली आणि बटण चिमटीत धरलं.

बटण पक्कं होतं.

दोरा करड्या रंगाचा, जाडाभरडा, घोंगडीतून उपसल्यासारखा. बटणाला चार भोकं, आणि एका भोकातून निघून उरलेल्या तिन्हींत गेलेले टाके. मास्तरांनी चष्मा पुसला. कोंबडीचा पाय! ही खोड मोडायला त्यांना अख्खं वर्ष लागलं होतं. "गिऱ्हाईक काय म्हणेल, बटण लावलंय की कोंबडी नाचवलीय?" असं ते ओरडत, आणि ती पोरगी खाली मान घालून हसत असे. शेवटी शिकली ती सरळ टाका. गेली दोन वर्षं तर डोळे मिटून सरळ घालायची. त्यांनी बटण कलतं केलं. खालचा दोऱ्याचा वेढाही उलटा होता, डाव्या हाताचा.

तुरुंगातलं शिवणटिपण बायकांच्या बराकीत होतं, असं फाटकावर सगळेच म्हणत. मास्तरांच्या हातची कॉलर तिने ओळखली असणार. ओळखली, आणि मुद्दाम चुकीचा टाका घातला.

शटरखालून वाकून डावरीची आई आत आली.

"शटर खाली दिसलं तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "नाही म्हणायचं तर सरळ म्हणा, मास्तर. मी काही रागवत नाही. आज तुम्ही सहावे."

मास्तरांनी शर्ट तिच्यापुढे सरकवला.

"हे बटण बघा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्या पोरीने लावलंय. याच आठवड्यात."

तिने बटणावर बोट ठेवलं ते उचललंच नाही. मास्तरांनी टाका समजावून सांगितला, वेढा दाखवला. ती किती ऐकत होती कोण जाणे.

"बटण बघून कोर्ट ऐकेल?" तिने विचारलं.

"नुसतं बटण बघून नाही. जिला शिकवलं तिचा हात मी ओळखतो, असं मी सांगितलं तर ऐकावं लागेल."

"तुम्हालाही बोलावलं होतं ना त्यांनी? मुलाला सोडतो म्हणाले असतील."

शटरखालून ते बूट दिसत होते. घरी बायको सोमवारपर्यंतचे दिवस मोजत असेल.

"अर्ज आणलाय का?" त्यांनी विचारलं.

सही वाकडीतिकडी आली. खाली त्यांनी बटणाचं सगळं लिहून दिलं, दोनदा खोडून. तिने शर्ट पिशवीच्या तळाशी घातला, वर भाजी ठेवली आणि मागे न बघता गेली. समोरच्या माणसाने पेपराची घडी घातली, आठ दिवसांत पहिल्यांदाच, आणि तो दुकानाकडे बघत उभा राहिला.

मास्तरांनी शटर पूर्ण वर ढकललं. फळीवर मुलाचा दुसरा शर्ट कडक इस्त्री करून ठेवला होता, सोमवारी घरी येताना घालायला. तो त्यांनी खाली काढला, घडी मोडली आणि दुसऱ्या बटणाचे टाके एकेक करून उसवले. शेवटचा टाका तेवढा ठेवला, गुरुवारी फाटकातून आत जाईपर्यंत टिकेल असा.