नळाच्या पाण्यातली चाचणी

विज्ञानाच्या बाईंना त्या दिवशी मनापासून वाटत होतं, की यंत्र फसावं.

हे काही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सहा वर्षं रोज शाळा सुटल्यावर दोन तास त्या मुलांबरोबर कार्यशाळेत राबत होत्या. समुद्रातलं प्लास्टिक गोळा करणारी यंत्रं बनवायची, मोडायची, पुन्हा बनवायची. हौस केव्हाच फिटली होती, उरली होती ती कंबरदुखी. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "यंदा बंदरात कचरा गोळा झाला तर ठीक, नाहीतर खोलीला कुलूप." कुलूप हा शब्द बाईंना किती गोड वाटला होता! पाच वाजता घरी जायचं आणि पाय पसरून पडायचं.

बंदराच्या धक्क्यावर यंत्र तपासायला आलेले परीक्षक घड्याळ बघत उभे होते, शेजारी मुख्याध्यापक. मुलांनी यंत्र पाण्यात सोडलं. पिंपांवर तरंगणारी टोपली, तिचा काठ पाण्याखाली जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे वरवरचा कचरा पंपाच्या ओढीने आत यावा. शाळेच्या टाकीत तिने बाटल्यांची झाकणंसुद्धा सोडली नव्हती. इथे मात्र काठ पाण्याबाहेर डोकं काढून बसला. पिशव्या येत, काठाला नाक घासत आणि निघून जात. पंप नुसताच घरघरत राहिला.

बाईंच्या क्षणात लक्षात आलं. टाकीत नळाचं पाणी होतं आणि हे खारं. खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त वर तरंगते, हे बाई बावीस वर्षं आठवीला घसा फोडून शिकवत होत्या. टाकीत मीठ टाकायचं मात्र सुचलं नव्हतं. हसावं की रडावं!

त्या गप्प राहिल्या.

"माझंच माप चुकलं, सर," काठ बसवणारी मुलगी म्हणाली. लहानखुरी म्हणून सगळे तिला टिकली म्हणत. "बाकीच्यांची चूक नाही."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंना स्वतःची लाज वाटली.

"माप बरोबर आहे," त्या पुढे होत म्हणाल्या. "चाचणी मी गोड्या पाण्यात घेतली. पाच मिनिटं द्या."

मुलांनी वजनासाठी पाण्याने भरलेल्या बाटल्या पिंपांवर बांधल्या. सहाव्या बाटलीला काठ पाण्याखाली गेला. एक पिशवी डुलत आली आणि मुकाट आत शिरली. मग दुसरी, मग चपलेचा तुकडा. मुलांनी धक्का डोक्यावर घेतला. मुख्याध्यापक मोठ्या मनाने म्हणाले, "कार्यशाळा आणखी तीन वर्षं चालवा!"

बाई पायरीवर मटकन बसल्या. टिकली जवळ आली. "बाई, तुम्हाला कधी कळलं?"

"यंत्र पाण्यात सोडलं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

खोटं बोलायलाही अंगात त्राण नव्हतं. "दमलेय गं. खोली बंद व्हावी असं वाटत होतं."

टिकली त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"मग आधी सांगायचं ना, बाई! आम्हीपण दमतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून रोज थांबतो."