भिंतीवरची करवत

कान्हूच्या घरात देवाच्या फळीच्या वर भिंतीला करवत टांगलेली होती. सुताराची नव्हे, माशाची. करवत मासा पाकटाच्याच जातीचा, चपटा, तोंड पोटाखाली. फक्त नाकापुढे हातभर पातं आणि पात्याला दोन्हीकडे दात. धरमतरच्या खाडीत आता तो औषधालाही सापडत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी कान्हूच्या जाळ्यात पोट तटतटलेली मादी अडकली होती. जाळं दातांत असं गुरफटलेलं की सोडवता सुटेना. त्याच्या बायकोला, गिरजाबाईला, तेव्हा सातवा महिना. तिने बांधावरूनच हात जोडले. "अवो, जाऊ द्या तिला. पोटुशी हाय ती." कान्हूने कोयत्याने करवत तोडली आणि मासा पाण्यात ढकलला. जाळंही वाचलं, जीवही वाचला. गावाने पाठ थोपटली.

पुढे गिरजाबाईचं बाळ जन्मताच गेलं. दुसरं झालं नाही. त्या माउलीने सगळं दुःख एका बोलावर पेललं, "माजा नाय तर नाय, तिची तरी जगली." दर नारळीपौर्णिमेला ती खाडीत दोन नारळ सोडायची. एक दर्याचा, एक त्या मादीचा.

यंदा पौर्णिमेच्या सकाळी शेजारची अपेक्षा आली. पेणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी पोरगी. करवतीचे फोटो काढताना तिची टकळी चालूच होती. पिल्लांच्या करवतीवर म्हणे मऊ आवरण असतं, आईला आतून लागू नये म्हणून. कान्हू हरखून ऐकत होता.

"आन् करवत तुटली तर मासा काय करतो गो?"

"काय करणार आजोबा? करवतीनंच भक्ष्य शोधायचं, करवतीनंच मारायचं. ती परत उगवत नाय. उपाशी मरतो बिचारा."

कान्हूने भिंतीवरच्या करवतीकडे पाहिलं. चाळीस वर्षं मिरवलं ते हे? त्यापेक्षा एका घावात मारली असती तर सुटली असती. पोटातल्या पिल्लांसकट उपाशी ठेवली. स्वतःच्या हातांची त्याला किळस आली. आत गिरजाबाई नारळांना कुंकू लावत होती. तिला कमी ऐकू येतं, हे देवाचे उपकार.

दुपारच्या भरतीला दोघं खाडीवर गेली. दर्याचा नारळ तिने सोडला. दुसरा कान्हूच्या हातात ठेवला.

"आज तुमी सोडा. तुमीच वाचवलीत ना तिला. तिच्या पोरींनापण आता पोरं झाली असतील, नाय?"

"व्हय गो," तो कसाबसा म्हणाला. "लय झाली असतील."

नारळ मात्र त्याच्या हातून सुटेना.