दोन प्रोसेसर आणि एक शनिवार

इल्पोचा कॉम्प्युटर दर आठवड्याला अडकायचा, आणि खरं सांगायचं तर इल्पोला त्याचं फारसं दुःख नव्हतं. अडकला की शनिवारी तापानी यायचा. हिवाळाभर त्या घरात दुसरं माणूस आलं ते तेवढंच.

इल्पो कागदाच्या गिरणीत वायरमन होता. गिरणीने त्याला वेळेआधीच घरी बसवलं. बायको मार्केता स्वीडनला बहिणीकडे म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. मग त्याने दोन प्रोसेसरांचा कॉम्प्युटर जोडला आणि कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने तो पळवायला लागला. त्यावर काम काय करायचा? काही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रोसेसर तापू नयेत म्हणून बाल्कनीचं दार किलकिलं ठेवायचा आणि स्वतः घरात लोकरी टोपी घालून बसायचा.

तापानी शेजारच्या गावातल्या शाळेत कॉम्प्युटर सांभाळायचा. एकटाच जीव. त्याचा नियम कडक होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एका शनिवारी मेमरी बदलली, दुसऱ्या शनिवारी वीजपुरवठ्याचा डबा. मग एकेक प्रोसेसर काढून पाहिला. एकेकटे दोन्ही सुरळीत चालायचे. दोघांवर एकदम काम टाकलं की अडकलाच.

"एकेकटे गुणी बाळं आहेत," तापानी म्हणाला. "एकत्र आले की बिघडतात."

"माझ्या लग्नासारखं."

"तुझ्या लग्नात गुणी बाळ एकच होतं. ती स्वीडनला गेली."

दोघं खूप हसले. इल्पोने वेलदोडा घातलेला गोड पाव कापला, कॉफी ओतली. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

मार्चमधल्या एका शनिवारी तापानीने टेबलावरचा दिवा तिरका धरला आणि शीळ घातली. पंख्याच्या आडोशाला, बोर्डावरच्या, वीज साठवून पुरवणाऱ्या दोन कपॅसिटरांची डोकी फुगली होती. दोन्ही प्रोसेसर एकदम वीज ओढत, तेव्हा ती पुरी पडत नव्हती. इल्पोने जुने सोल्डर वितळवून काढले, नवे बसवले. गिरणीत कमावलेला हात अजून सराईत होता. चाचणी लावली, सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, घाम काढून आले, जेवले, तरी कॉम्प्युटर चालतोच आहे!

"झालं की रे!" तापानीने त्याच्या पाठीत थाप घातली. मग आपला मीटर, आपले पेचकस आवरले. "आता काय, माझं काम संपलं."

"संपलं," इल्पो म्हणाला.

पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही. येईल कशाला? त्यांच्या त्या थंड मुलखात कामाशिवाय कोणी कोणाच्या दारात उभं राहत नाही, फोनही करत नाही. सहज आलो, असं म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. इल्पो पाव कापून बसला. पंखे घोंघावत होते, पडद्यावर चाचणीचे हिशेब न चुकता सरकत होते. इतका एकटा तो मार्केता गेली तेव्हाही नव्हता.

त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी तो उठला, सेटिंगमध्ये गेला आणि वेग आणखी वाढवला. कॉम्प्युटर चालला. आणखी वाढवला. पडदा निळा झाला आणि सगळं थिजलं. इल्पोने फोन उचलला.

"पुन्हा अडकला रे."

"अडकला?" तापानीने विचारलं. "वेग किती ठेवलायस?"

चोराच्या मनात चांदणं. पण खोटं बोलणं इल्पोला कधी जमलं नव्हतं. त्याने आकडा सांगितला.

"तू वाढवलास?"

"वाढवला."

"चांगला चाललेला? का रे गाढवा?"

"शनिवार होता म्हणून," तो म्हणाला.

तिकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला. मग तापानी खाकरला.

"माझाही मेला कॉम्प्युटर महिनाभर नीट चालतोय," तो म्हणाला. "कशाला हात लावू नकोस. मी निघालोच."

इल्पोने कॉम्प्युटर तसाच अडकलेला ठेवला आणि कॉफीचं पाणी चढवलं.