म्हातारीनं किल्ल्या काऊन ठेवल्या?

राहीबाईच्या पोरीला इंजिनेर म्हणून नवरा करून दिला, आणि तो निघाला पाण्याच्या टाकीवरची मोटर चालू-बंद करणारा. अख्ख्या बोथ गावानं लग्नात जेवून वर हसून घेतलं. त्या दिवशी मी चिंतामणीला, म्हणजे माझ्या पोराला, सांगून टाकलं, "आपल्या सरोजिनीला बघायला कोणीबी येऊ दे. त्याला आधी मी बघीन."

मंडल कचेरीत कारकुनी करून करून चिंतामणीला कागदावर शिक्का दिसला की सगळं खरं वाटतं. मला वाटत नाही.

नातीला स्थळ आलं ते कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्याचं. शरदचंद्र नाव, निर्मल गावाकडचा. आता याला इंग्रजी खरंच येतं की राहीबाईच्या जावयासारखंच आहे, हे मला कसं कळावं? माझी शाळा निजामाच्या राज्यातली, दोन वर्षांची, तीही उर्दूतली. पण माझ्याजवळ गलमिशा होता.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक इंग्रजी मालिका लागायची. जुन्या काळातली, तिकडच्या राणीच्या राज्यातली. धुकं, गॅसच्या बत्त्या, घोड्याच्या बग्ग्या, आणि पोलीस कचेरीच्या भिंतीवरच्या तसबिरीत काळ्या लुगड्यासारखं काहीतरी नेसलेली ती जाडी विधवा राणी. ती माझ्या ओळखीची. माझ्या आईच्या गळ्यातल्या माळेत कलदार रुपया होता, त्यावर हीच बाई होती. विधवा होऊन एवढं मोठं राज्य धरून बसली, म्हणून मला तिचं कौतुक.

त्यातला पोलीस अंमलदार ठेंगणा, पोट सुटलेला, गालांवर पांढऱ्या गलमिशा. खून झालेल्या घरी गेला की तो दिवाणखान्यात बसायचा नाही. सरळ सैपाकघरात जाऊन स्टुलावर बसायचा, हातमोजे काढून मांडीवर ठेवायचा आणि गप्प राहायचा. एक शब्द विचारायचा नाही. समोरच्यालाच ते गप्प बसणं सोसायचं नाही, तोच बोलायला लागायचा. मला बाई असा माणूस फार आवडतो.

बोलणं मला कळत नसे. माझी सून पद्मिनी नांदेडची, बी.ए. झालेली. ती शेजारी भाजी निवडत बसायची आणि मला सांगत जायची. खून कधी माळ्यानं केलेला, कधी बग्गीवाल्यानं, कधी भांडेवालीनं.

"काऊन वं, त्या देशात मालक लोक कोणाला मारतच नाईत का?" मी एकदा विचारलं.

"त्यांना येळ कुठं हाय आत्या," पद्मिनी म्हणाली.

उत्तर मला पटलं नव्हतं. पण सोडून दिलं.

शरदचंद्र येणार होता त्याच्या आधीच्या रविवारी एका मोठ्या घरातली सून मेली. चहातून विष. त्या घरात एक म्हातारी होती, ताठ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून सगळ्यांना धाकात ठेवणारी. मी पद्मिनीला म्हटलंसुद्धा, "ही बाई माझ्यासारखी हाय. घर धरून हाय." शेवटी गलमिशानं टोपी काढून तिच्यापुढे मान लववली. म्हातारीनं कमरेचा जुडगा सोडला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याबरोबर बग्गीत बसून गेली.

"बग्गीवाल्यानं विष दिलं," पद्मिनी म्हणाली.

"मग म्हातारी कुठं चालली?"

"दुःख झालं नं तिला. यात्रेला चालली."

"पोलीस पोचवायला?"

"चांगला माणूस हाय तो, आत्या."

मी मनात धरलं की येणाऱ्या पोराला हीच गोष्ट विचारायची. येत असलं इंग्रजी, तर सांगेल बरोबर.

रविवारी शरदचंद्र आला, सोबत मामा चंपतराव. मामा बडबड्या, हाताला अंगठ्या, प्रत्येक वाक्याला "आमचा शरद". पोरगा आपला गप्प. गप्प बसावं ते पोलिसानं; बघायला आलेला पोरगा गप्प बसला की मला संशय येतो, म्हणून मी त्याच्या समोरच बसले. सरोजिनी पोहे देऊन गेली आणि आतून पडद्याआडून पुन्हा एकदा पाहून गेली. पोरीला पसंत आहे, हे मला तिथंच कळलं. त्यामुळे जास्तच काळजी वाटली.

"ती गलमिशावाल्याची इंग्रजी मालिका बघता का तुमी?" मी विचारलं.

"बघतो नं आजी. एक रविवार सोडत नाही."

"मागच्या खेपी खून कोणं केला?"

"म्हातारीनं," शरदचंद्र म्हणाला. "सासूनंच सुनेच्या चहात विष घातलं."

मी चिंतामणीकडे बघितलं. सापडला!

"खोटं," मी म्हटलं. "बग्गीवाल्यानं घातलं. म्हातारी यात्रेला गेली."

चिंतामणी पोह्यातल्या मिरच्या शोधायला लागला. चंपतरावानं भाच्याला कोपर मारलं. "हौ हौ, बग्गीवालाच असंल. आजी म्हणून राह्यल्या तं बरोबरच. आमचा शरद विसरला असंल. म्हण नं रे, बग्गीवाला."

"नाही मामा, तसं नव्हतं," शरदचंद्र म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "आजी, तुमी बघितलं असंल, तिनं जाताना किल्ल्या ठेवल्या. यात्रेला जाणारी बाई किल्ल्या कोणाच्या तरी हातात देती. टेबलावर टाकून जात नाई."

माझा हात आपोआप कमरेकडे गेला. माझाही जुडगा तिथंच असतो.

मी उठले. कोणाला काही न बोलता सैपाकघरात गेले, पाट ओढला आणि चुलीपाशी बसले. पद्मिनी चहा गाळत होती. मी गप्प. ती चहा गाळतच राहिली, कप भरून बशीत सांडायला लागला तरी.

"आत्या," शेवटी तीच बोलली, "पोरगा खरं बोलून राह्यला. त्याला घालवू नका."

मी गप्पच.

"म्हातारीच होती. तुमी म्हणाल्या, ही बाई माझ्यासारखी हाय. मग मी काय सांगू?"

"आन् त्या आधीचे? माळी, भांडेवाली?"

"त्यात बी कुठं सासू, कुठं आत्या." पदर तोंडाला लावला तिनं. रडते की हसते, दिसू दिलं नाही. "सरोजिनीचं तेवढं बिघडवू नका. मला काय बोलायचं ते बोला."

बोलायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. मी ते सगळं मागे ठेवलं. बाहेर एक पोरगा बसला होता, ज्याला मुलीच्या आजीपुढे एक फुकटचं खोटं बोलून मोकळं होता आलं असतं आणि तो बोलला नव्हता. आणि आत माझ्या घरात एक होती, जी महिनोन्‌महिने बोलत होती.

मी बाहेर गेले. "चंपतराव," मी म्हटलं, "पोरगा पसंत हाय. तुमचं काई खरं नाई, पण पोरगा पसंत हाय."

पडद्याआड बांगड्या वाजल्या.

पुढच्या रविवारी पद्मिनी टीव्हीपुढे माझ्याशेजारी येऊन बसली, चहाचा कप माझ्यापुढे ठेवून. पडद्यावर नवीन घर, नवीन म्हातारी.

"आज सगळं सांगशील?"

"सगळं."

मी कप तिच्याकडे सरकवला. "आधी तू पी."

पद्मिनीनं माझ्याकडे बघत एक घोट घेतला. "साखर कमी पडली, आत्या," म्हणाली, आणि कप परत केला.