तोंडात तीन बोटं

आमच्या दुर्गेश्वरीला माणूस दिसला की त्याचा हात हवा. पाणी विचारायच्या आधी म्हणेल, "काका, हात समोर धरा बरं, ताठ." काका बिचारा धरतो. मग ही दोन बोटांनी मनगट दाबते. हात टिकला तर ठीक, खाली गेला तर म्हणे शरीर काहीतरी सांगून राहिलं. आता म्हाताऱ्याचा हात खाली नाही जाणार तर काय आभाळात जाईल?

ही माझी सून. माहेर गोंदियाजवळच्या फुलचूरचं. नागपूरला जाऊन कायनेसिओलॉजी शिकून आली. स्नायूंना प्रश्न विचारायची विद्या, असं माझ्या प्रफुलनं मला समजावलं. एका मुठीत कांदा, वांगं, गोळी, काहीही धरायचं, दुसरा हात दाबायचा, आणि अंगाला काय मानवते ते ओळखायचं. तिला आमच्या ओसरीत पलंग टाकून लोकांना तपासायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. आमच्या ओसरीत धानाची पोती राहतात, लोळणारी माणसं नाही.

वरून तिचा स्वयंपाक. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी. धानाच्या बांधीतल्या झिंग्यांची भाजी तर तोंडात निखारा ठेवल्यासारखी लागायची. प्रफुल वरून तिखट मागून घ्यायचा. मला वाटे, बायकोला भिऊन मागतो.

धानाची रोवणी संपली की आम्ही बायांना घरी जेवू घालतो. जेवणावर खर्रा लागतोच. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला. तो दिला नाही तर पुढल्या साली बाया दुसऱ्याच्या बांधीत. मीही त्यांच्यासोबत खायची, या घरात आली तेव्हापासून. तर त्या दिवशी पंगतीत शामकला, रोवणीच्या बायांत सगळ्यांत जुनी, म्हणाली, "भाजी फिक्की झाली वो, धुरपताबाई."

मी भडकली. "फिक्की? दुर्गे, इकडं ये. तुजी विद्या आन. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

डाव्या मुठीत हिरवी मिरची घेतली, उजवा हात ताठ धरला. सुनेनं दाबला. हात खाली. थोडा मीच सोडला, खोटं कशाला बोलू.

"पाह्यलं?" मी पंगतीकडं वळली. "हात बी सांगते, मिरची जास्त."

बाया हसल्या. सून हसली नाही. हळूच म्हणाली, "आई, हात तुम्ही सोडला, मले समजलं. पण मिरचीसाठी एवढं नाटक करून राहिल्या, म्हणजे तोंड खरंच जळत असन. बाकी कोनाचंच नाही जळत. तोंड उघडा."

"कायले? बैल घेऊन राहिली का, दात मोजाले?"

"उघडा तर."

तिनं स्वतःच्या तोंडात तीन बोटं उभी घालून दाखवली. माझी दोनही जाईनात. मी समजायची, वयानं होते. शामकलानं आपली घालून पाहिली. "माजीबी नाही जात. त्यात काय?"

सुनेनं माझा गाल आतून चाचपला आणि तिचा चेहराच उतरला. "गाल दोरीसारखे कडक झाले, आई. हे माझ्या हातचं काम नाही. उद्या गोंदियाला दाताच्या डॉक्टरकडे."

"मग तुजी विद्या कुठं गेली? दाब ना हात, विचार."

"हे हाताले विचारायचं नाही राहत. मले नाही समजत, आई. चला."

बसमध्ये मी तिच्या माहेरापर्यंतचं सगळं काढलं. तरी माझी पिशवी तिनं सोडली नाही.

डॉक्टर म्हणाला, खर्र्यानं गाल आतून आखडून राहिले, म्हणून तिखट झोंबते. एक पांढरा चट्टाही होता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला दिवस लागले. ज्या तोंडानं मी अख्खी आळी सरळ ठेवली, तेच कापतील काय, एवढंच डोक्यात. दुर्गेश्वरी तेवढे दिवस माझ्याजवळ झोपली. खर्र्याची तलब उठली की माझे तळहात दाबत बसायची. तलब दाबल्यानं जायची की तिच्या हाताच्या उबेनं, मला माहीत नाही. जायची, एवढं खरं.

कॅन्सर नव्हता. खर्रा कायमचा बंद, तोंड उघडायचा व्यायाम, आणि अधूनमधून दाखवायला जायचं. उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणे. दुर्गेश्वरी रोज माझ्या दातांमध्ये आईसक्रीमच्या काड्यांची चळत धरवते. तोंड भरलेलं म्हणून मला शिवी देता येत नाही, त्याची तिला मजा वाटते.

काल कापणीच्या बाया जेवायला आल्या. जेवणावर मी फुटाणे ठेवले. कुरकुर झाली. शामकलानं कमरेची खर्र्याची पुडी काढली, तेव्हा मी सुनेला भर पंगतीत बोलावलं.

"दुर्गेश्वरी, ऐक. तुजी विद्या खरी का खोटी, ते मले अजून बी नाही समजलं. पन जिथं तुले नाही समजलं, तिथं तू 'नाही समजत' म्हणाली. असा इलाज करनारा मी आजवर नाही पाह्यला. पोती मागच्या खोलीत जातील, ओसरी तुजी. पह्यली ही शामकला घे. हात नंतर दाब, आधी तोंड उघडव, अन् उद्याच्या बसनं घेऊन जाय. अन् भाजीत मिरची टाकत जाय बाई, आज मले बी फिक्की लागली."